ग्रेस हॉपर

ग्रेस ब्रूस्टर मरे हॉपर (९ डिसेंबर, १९०६ – १ जानेवारी, १९९२) या अमेरिकन गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि अमेरिकेच्या नौदलातील रिअर ॲडमिरल होत्या. हार्वर्ड विद्यापीठातील मार्क १ या यंत्रासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. माणसाला समजेल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राने स्वतःच यंत्रभाषेत रूपांतरित करावी, ही कल्पना त्यांनी प्रत्यक्षात आणली. कोबॉल या संगणकीय भाषेच्या जडणघडणीवर त्यांच्या कार्याचा मोठा प्रभाव आहे. उत्तरायुष्यात त्यांनी नौदलात कोबॉलच्या कंपाइलरांची यंत्राकरवी पडताळणी करणारे चाचणीसंच तयार करवून घेतले. आज्ञावलीतील चूक शोधण्याचे काम माणसाच्या नजरेवर न सोडता शक्य तेवढे यंत्रावर सोपवावे, हे सूत्र त्यांच्या चार दशकांच्या कार्यात सातत्याने दिसते.

जन्म आणि बालपण

ग्रेस यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला. वडील वॉल्टर फ्लेचर मरे हे विमा व्यवसायात होते, तर आई मेरी कॅम्पबेल व्हॅन हॉर्न यांना गणिताची आवड होती. तीन भावंडांत ग्रेस थोरल्या. त्यांचे पणजोबा अलेक्झांडर रसेल हे अमेरिकेच्या नौदलात ॲडमिरल होते. नौदलाविषयीचे आकर्षण त्यांना या घराण्याच्या परंपरेतून लाभले.

वयाच्या सातव्या वर्षी गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी ते उघडले. सुटे भाग पुन्हा जुळवता न आल्याने त्यांनी दुसरे उघडले, आणि असे करत घरातील सात घड्याळे त्यांनी मोकळी केली. आईने त्यांना शिक्षा केली नाही, मात्र यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करण्याची परवानगी दिली.

शिक्षण आणि अध्यापन

लॅटिन विषयात गुण कमी पडल्यामुळे वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांना व्हॅसर महाविद्यालयात प्रवेश नाकारण्यात आला. पुढच्या वर्षी तो मिळाला. १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत पदवी घेऊन त्या येल विद्यापीठात गेल्या. तेथे १९३० साली पदव्युत्तर पदवी आणि १९३४ साली ऑयस्टिन ओरे यांच्या मार्गदर्शनाखाली गणितातील डॉक्टरेट त्यांनी मिळवली. १९३० साली त्यांचा विवाह व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर यांच्याशी झाला. १९४५ साली दोघे विभक्त झाले, परंतु ग्रेस यांनी हॉपर हे आडनाव कायम ठेवले.

१९३१ पासून त्या व्हॅसरमध्ये गणित शिकवत होत्या आणि १९४१ साली सहयोगी प्राध्यापक झाल्या. पुढे यंत्रांसंबंधीचे क्लिष्ट विषय सैनिकांना, व्यवस्थापकांना आणि विद्यार्थ्यांना सोपे करून सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. त्याची पूर्वतयारी अध्यापनाच्या या काळात झाली.

नौदल आणि मार्क १

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर हॉपर यांनी नौदलात जाण्याचे ठरवले. त्यांचे वय तिशीच्या उत्तरार्धात होते आणि वजन ठरलेल्या किमान मर्यादेपेक्षा सुमारे १५ पौंड कमी होते. शिवाय गणिताच्या प्राध्यापकाचे काम युद्धकाळात आवश्यक सेवेत मोडत असे. या तिन्ही अडचणींतून सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलातील महिला विभागात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्यांनी पहिला क्रमांक मिळवला आणि जून १९४४ मध्ये त्यांना कनिष्ठ श्रेणीच्या लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला.

जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील हॉवर्ड ऐकन यांच्या संगणन प्रकल्पावर झाली. तेथील मार्क १ हे यंत्र ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे ५ टन वजनाचे होते. विद्युत-यांत्रिक रिले, फिरते दांडे आणि दातेरी चक्रे यांवर चालणारे हे यंत्र सेकंदाला तीन बेरजा करू शकत असे. त्याला द्यावयाच्या सूचना कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने पाडल्या जात. एकच गणित पुनःपुन्हा करवून घ्यायचे असल्यास फितीची दोन टोके चिकटवून तिचे वेटोळे करत.

रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल यांच्यासह हॉपर यांनी या यंत्रावर नौदलाची गणिते सोडवली. छिद्र एका जागी चुकले तरी उत्तर चुकत असे, आणि त्या उत्तरांवर तोफांचे पल्ले अवलंबून असत. म्हणून फितीतच पडताळणीची गणिते घालण्याची पद्धत होती. एकाच राशीचे मूल्य दोन वाटांनी काढायचे आणि दोहोंतील फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की यंत्राने आपोआप थांबायचे, अशी सोय केलेली असे. मार्क १ ची रचना व वापर यांविषयीची ५६१ पानांची माहितीपुस्तिका मुख्यत्वे हॉपर यांनी लिहिली. ती १९४६ साली प्रसिद्ध झाली.

पतंगाची नोंद

हॉपर यांच्या नावाशी सर्वाधिक जोडली गेलेली घटना ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डमध्येच घडली. मार्क २ या नव्या यंत्राच्या चाचण्या चालू होत्या. त्या दिवशीच्या नोंदवहीनुसार दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी गुणाकार आणि बेरीज करणाऱ्या भागांची चाचणी सुरू करण्यात आली. ३ वाजून ४५ मिनिटांनी ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला आढळला. तो काढून चिकटपट्टीने वहीच्या पानावर लावण्यात आला आणि खरोखरीचा कीटक सापडल्याची ही पहिलीच वेळ असल्याची मिश्कील नोंद खाली करण्यात आली. ते पान आता वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे.

या घटनेविषयी काही गैरसमज रूढ आहेत. यंत्रातील दोषाला कीटक या अर्थाचा ‘बग’ हा इंग्रजी शब्द वापरण्याची प्रथा थॉमस एडिसन यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होती. वहीतील नोंदीतला विनोदही तो शब्द आधीच परिचित असल्यामुळेच साधला आहे. पतंग हॉपर यांनी स्वतः शोधला नव्हता. मात्र आपल्या व्याख्यानांतून ही हकिकत त्यांनी वर्षानुवर्षे सांगितली आणि त्यामुळे ‘डीबगिंग’ म्हणजे दोषनिवारण हा शब्द लोकप्रिय होण्यास मदत झाली.

हकिकतीतील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. पतंग सापडण्यापूर्वी वीस मिनिटे यंत्रावर ठराविक चाचणी लावलेली होती. ज्या गणिताचे उत्तर आधीच माहीत आहे ते यंत्राला सोडवायला देणे, आलेले उत्तर ताडून पाहणे आणि फरक आढळल्यास दोषाची जागा शोधणे, ही पद्धत त्या प्रयोगशाळेत नित्याची होती. त्या दिवशीचा वेगळेपणा एवढाच की शोधाच्या शेवटी सुटलेली तार किंवा झिजलेला भाग न सापडता पतंग सापडला.

हार्वर्डनंतरचा काळ

युद्ध संपल्यावर हॉपर यांनी नौदलाच्या नियमित सेवेत जाण्यासाठी अर्ज केला, परंतु वयाच्या कारणास्तव तो नामंजूर झाला आणि त्या राखीव दलातच राहिल्या. हार्वर्डमधील संशोधकपदाची मुदत १९४९ साली संपली. त्या काळी तेथे स्त्रियांना कायम पद मिळण्याची शक्यता नव्हती. युद्धकाळातील ताण, विवाहविच्छेद आणि भवितव्याची अनिश्चितता यांमुळे या सुमारास त्या मद्याच्या आहारी गेल्या होत्या. मित्र व सहकाऱ्यांनी वेळीच सावध केल्यानंतर त्या सावरल्या.

१९४९ साली त्या फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉकली कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या नव्या आणि आर्थिकदृष्ट्या अस्थिर कंपनीत ज्येष्ठ गणितज्ञ म्हणून रुजू झाल्या. पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँडने ही कंपनी विकत घेतली. तेथे तयार झालेल्या युनिव्हॅक १ या संगणकात अंकगणित करणारी मंडले दुहेरी होती. दोन्हींची उत्तरे जुळली नाहीत तर यंत्र थांबत असे. म्हणजे यंत्र स्वतःची तपासणी करू लागले होते, पण त्याला दिलेल्या आज्ञावलीतील चुका मात्र माणसालाच शोधाव्या लागत.

पहिला कंपाइलर

हार्वर्डमध्ये असल्यापासून आज्ञावलीकार मंडळी वारंवार लागणाऱ्या गणितांचे तपासलेले तुकडे वहीत उतरवून ठेवत आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून नकलून घेत. अशा तुकड्यांना उपक्रम म्हणता येईल. नकलताना अक्षरांची आणि अंकांची गफलत होई. शिवाय उपक्रम नव्या जागी बसवताना त्यातील प्रत्येक पत्त्यात ठराविक संख्या मिळवावी लागे आणि त्या बेरजाही चुकत. मूळ तुकडा निर्दोष असूनही त्याची नक्कल सदोष ठरे.

नकलणे आणि बेरीज करणे ही दोन्ही कामे यंत्र बिनचूक करते, तेव्हा ती त्याच्याकडेच द्यावीत, असा हॉपर यांचा विचार होता. त्यांनी तपासलेले उपक्रम चुंबकीय फितीवर साठवले आणि प्रत्येकाला एक खूण दिली. आज्ञावलीकाराने फक्त खुणांची यादी लिहायची; यंत्र फितीवरून योग्य उपक्रम शोधून, पत्ते दुरुस्त करून, सलग आज्ञावली तयार करीत असे. १९५१-५२ मध्ये तयार झालेल्या या प्रणालीचे नाव ए-० असे होते. संकलन करणारा या अर्थाने तिला त्यांनी कंपाइलर म्हटले. आजच्या व्याख्येनुसार ए-० चे कार्य कंपाइलरपेक्षा तयार तुकडे जोडणाऱ्या प्रणालीला अधिक जवळचे होते, असे अनेक अभ्यासक मानतात.

संगणक केवळ अंकगणित करू शकतो, स्वतःसाठी आज्ञावली तयार करू शकत नाही, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. त्यामुळे ए-० चे स्वागत थंडपणे झाले. मात्र १९५४ साली कंपनीने हॉपर यांना स्वयंचलित आज्ञावली विभागाचे प्रमुख केले. व्यवसायात काम करणाऱ्यांना गणिती चिन्हांपेक्षा शब्द सोयीचे वाटतात हे लक्षात घेऊन त्यांच्या विभागाने इंग्रजी शब्दांत सूचना स्वीकारणारी फ्लो-मॅटिक ही भाषा तयार केली. त्याच सूचना फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही देता येतात असे प्रात्यक्षिक त्यांनी दाखवले, तेव्हा वरिष्ठ धास्तावले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परभाषा कळेल हे त्यांना पटेना. यंत्राच्या लेखी सर्वच भाषांतील शब्द म्हणजे केवळ खुणा असतात, हा त्यातील मुद्दा होता.

कोबॉल

१९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक उत्पादकाच्या संगणकाची भाषा वेगळी होती. यंत्र बदलले की सर्व आज्ञावली नव्याने लिहाव्या लागत. एप्रिल १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेल्या बैठकीत व्यवसायासाठी सामाईक भाषा असावी असा विचार पुढे आला. मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण विभागाच्या पुढाकाराने व्यापक परिषद भरली आणि तीतून कोबॉल या भाषेचा आराखडा तयार झाला. हॉपर या कार्याच्या तांत्रिक सल्लागार होत्या. भाषेचा आराखडा जीन सॅमेट आदी सदस्यांच्या समितीने केला, त्यामुळे हॉपर यांना कोबॉलची एकमेव जनक म्हणणे योग्य नाही. तथापि, कोबॉलची घडण मोठ्या प्रमाणात फ्लो-मॅटिकवर आधारलेली आहे.

डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल आज्ञावली युनिव्हॅक २ आणि आरसीए ५०१ या दोन वेगळ्या उत्पादकांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आली. सामाईक भाषेचे आश्वासन प्रत्यक्ष चाचणीत खरे ठरल्याचे हे पहिले जाहीर उदाहरण होते.

नौदलातील चाचणीसंच

१९६६ च्या अखेरीस हॉपर राखीव दलातून कमांडर हुद्द्यावर निवृत्त झाल्या. त्या निवृत्तीचा त्यांना फार खेद वाटला. परंतु नौदलातील निरनिराळ्या विभागांत कोबॉलच्या इतक्या बोली रूढ झाल्या होत्या की एका जागची आज्ञावली दुसऱ्या जागी चालेनाशी झाली. हा गुंता सोडवण्यासाठी ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांकरिता परत बोलावण्यात आले. ही मुदत पुढे वाढत गेली आणि त्या जवळजवळ एकोणीस वर्षे सेवेत राहिल्या. या काळात त्यांनी नौदलाच्या आज्ञावली भाषा गटाचे नेतृत्व केले.

१९६८ साली कोबॉलचे अमेरिकन राष्ट्रीय प्रमाण ठरले. पण कागदावर प्रमाण ठरले म्हणून प्रत्येक कंपाइलर त्याप्रमाणे वागतो असे नाही. हे समजण्यासाठी जुन्या मापांचे उदाहरण घेता येईल. पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्ह्याच्या मावळ भागात पूर्वी धान्य शेर-पायलीने मोजले जाई. शेर किती असावा हे ठरलेले असले, तरी बाजारातले प्रत्येक माप प्रमाण मापाशी ताडून पाहिल्याखेरीज घेणाऱ्याला खात्री देता येत नाही. नौदलाची स्थिती अशीच होती. प्रत्येक उत्पादक आपला कंपाइलर प्रमाणानुसार असल्याचे सांगे आणि नौदलापाशी ते पडताळण्याचे साधन नव्हते.

हॉपर यांच्या गटाने हे साधन तयार केले. ते म्हणजे कोबॉलमध्येच लिहिलेल्या अनेक लहान आज्ञावलींचा संच होता. त्यातील प्रत्येक आज्ञावली भाषेच्या एखाद्या नियमाची परीक्षा घेई. बेरीज, तुलना, मजकूर हलवणे, फाइल वाचणे अशी एकेक क्रिया करून आलेले उत्तर ती स्वतःच अपेक्षित उत्तराशी ताडत असे आणि उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे छापत असे. ज्या बाबी यंत्रागणिक बदलतात त्या वेगळ्या ठेवल्या होत्या, त्यामुळे तोच संच कोणत्याही उत्पादकाच्या संगणकावर लावता येई. तपासणाऱ्याच्या मर्जीला किंवा उत्पादकाच्या शब्दाला त्यात वाव नव्हता. नियम मोडला गेला असेल तर नेमका कोणता, हेही छापील अहवालावरून कळत असे.

या चाचण्यांमुळे मोठ्या उत्पादकांच्या भाषाबोली एकमेकींच्या जवळ आल्या. पुढे अमेरिकी शासनाने कंपाइलर खरेदीसाठी अशा पडताळणीचा आग्रह धरला. १९८० च्या दशकात चाचण्यांचे काम तेथील राष्ट्रीय मानक संस्थेकडे गेले. त्या संस्थेचा कोबॉल-८५ चा चाचणीसंच ग्नूकोबॉल हा मुक्त कंपाइलर तपासण्यासाठी आजही वापरला जातो.

अशा चाचण्यांना मर्यादाही आहेत. संचात ज्या नियमाची चाचणी नाही, त्याबाबतचा दोष सुटून जाऊ शकतो. सर्व चाचण्या उत्तीर्ण होणे म्हणजे कंपाइलर निर्दोष असणे नव्हे. तपासलेल्या बाबतीत तो प्रमाणानुसार वागला एवढेच त्यातून सिद्ध होते.

अध्यापनशैली

हॉपर व्याख्यानांत सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे श्रोत्यांना वाटत. सेकंदाच्या एक अब्जांश भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, प्रकाश जास्तीत जास्त तेवढे अंतर कापतो. उपग्रहामार्फत संदेश पोहोचायला वेळ का लागतो आणि संगणक आकाराने लहान का असावेत, हे त्या तारेवरून समजावून देत. एका प्रचंड यंत्राऐवजी जाळ्याने जोडलेले अनेक लहान संगणक वापरावेत, असा आग्रह त्यांनी १९७० च्या दशकात धरला होता.

सन्मान

१९६९ साली एका व्यावसायिक संघटनेने त्यांना त्या वर्षीचा सर्वोत्तम पुरुष या अर्थाच्या नावाचा पुरस्कार दिला. त्या पुरस्काराच्या त्या पहिल्याच मानकरी होत्या. १९७३ साली त्यांना कॅप्टन, १९८३ साली विशेष नेमणुकीने कमोडोर आणि १९८५ साली त्या हुद्द्याचे नाव बदलल्याने रिअर ॲडमिरल हा हुद्दा मिळाला. १९९१ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यात आले. २०१६ साली राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मरणोत्तर देण्यात आले. नौदलाच्या एका विनाशिकेला, तसेच येल विद्यापीठातील एका निवासी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. १९९४ पासून संगणक क्षेत्रातील स्त्रियांचे संमेलन त्यांच्या नावाने भरते.

अखेरची वर्षे

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, बॉस्टन येथे यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर त्यांचा निवृत्ती समारंभ झाला. त्यानंतर त्यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार म्हणून काम केले. १ जानेवारी १९९२ रोजी व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचा अंत्यविधी झाला.

वारसा

महाराष्ट्रातील संगणकयुगाचा आरंभ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात झाला. तेथे बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली पूर्णत्वास गेला. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली आणि १९८१ साली पुण्यात तिच्याशी निगडित संशोधन केंद्र सुरू झाले. शतकाच्या अखेरीस वर्षाचे केवळ शेवटचे दोनच अंक साठवणाऱ्या जुन्या आज्ञावली २००० साली चुकतील असा धोका निर्माण झाला. त्यांतील पुष्कळशा कोबॉलमध्ये होत्या. त्यांची तपासणी व दुरुस्ती करण्याचे मोठे काम मुंबई-पुण्यासह भारतातील संगणक कंपन्यांकडे आले.

दोषनिवारणाची साधनेही आता दूरवर पोहोचली आहेत. आज्ञावली एका यंत्रावर चालू असताना तिच्याजवळ एक लहान सर्व्हर ठेवतात. दुसऱ्या ठिकाणी बसलेला अभियंता त्याच्यामार्फत आज्ञावली हव्या त्या ओळीवर थांबवतो आणि तिच्या स्मृतीतील मूल्ये पाहतो. या सर्व्हरमध्येच दोष असेल तर अभियंत्याला चुकीचे मूल्य दिसेल, म्हणून त्याचीही परीक्षा घ्यावी लागते. ग्नू प्रकल्पाच्या डीबगरसाठी ही परीक्षा चाचणीसंचाने आपोआप घेतली जाते. संच सर्व्हर सुरू करतो, ठरलेल्या ओळीवर आज्ञावली थांबवायला सांगतो, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडतो आणि उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण अशी नोंद करतो. मार्क २ च्या नोंदवहीतील चाचणी आणि नौदलाचे कोबॉल संच यांच्यामागील तत्त्वही हेच होते.